डिस्कची पाठवणी

दिवाळी झाली आणि आमच्या घरातला कॉम्प्युटर बंद पडला. आधी बरेच दिवस कुरकुरत होता. चालू करताना शिट्टी वाजायची, मधेच पडदा काळा व्हायचा. मी जरा थांबायचे, देवाचं नाव घ्यायचे आणि परत बटण दाबायचे, की उठायचा. मग एक दिवस बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. शिट्टीसुद्धा वाजली नाही.

मी ब्लाउजवरच्या आरी कामाची चित्रं काढते. उचगावात आमच्या गल्लीत आणि मागच्या गल्लीत बऱ्याच बायका आरीचं काम, म्हणजे आकडीच्या सुईनं भरतकाम, करतात. सुई त्यांची, चित्र माझं. चित्र कागदावर काढायचं, रेघेवरून बारीक भोकं पाडत जायचं, तो झाला खाका. खाका कापडावर ठेवून खडूच्या पुडीचा बोळा फिरवला की नक्षी खाली उतरते आणि मग त्यावर मणी, जर, टिकल्या जे काय असेल ते भरायचं.

पूर्वी मी सगळं हातानं काढायचे. एका बाहीवर मोर काढला की दुसऱ्या बाहीवर त्याच्यासमोर तोंड केलेला तसाच मोर लागतो. तो कधी तसाच यायचा नाही. एकाची मान आखूड व्हायची, नाहीतर पिसारा एकीकडं जड. बायका काही म्हणायच्या नाहीत, पण नवरीनं हात जोडले की मला तेवढंच दिसायचं.

आमची मुलगी पॉलिटेक्निकला होती तेव्हा तिनं कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेला कॉम्प्युटर घरी आणला. पुसला, आत काय काय बदललं आणि त्यात लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे काय ते मला अजून नीट सांगता येणार नाही. तिनं मला एवढंच सांगितलं होतं, "आई, ह्ये फुकट हाय, जुन्या मशीनवर पळतंय आणि मराठीत बोलतंय."

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या गावात शाळाच तेवढी होती. पुढची शाळा ओढ्याच्या पलीकडं, आणि पलीकडं पोरींना कोणी पाठवत नव्हतं. मराठी मला चांगलं वाचता येतं. इंग्रजी अक्षर दिसलं की मात्र डोळा त्याच्यावरून घसरतो.

तर त्या मशीनमध्ये सगळं मराठीत आलं, पण ते मराठी असं की मला त्याच्यापेक्षा इंग्रजी बरं वाटावं. मुलगी एक दिवस माझ्याशेजारी बसून राहिली. मी वाचायचे, अडायचे आणि ती विचारायची, "मग तू ह्याला काय म्हणशील?" मी जे म्हणेन ते ती तिथं लिहायची. असं करत पडद्याच्या कडेला माझी बटणं तयार झाली. 'मागं फिर.' 'जपून ठेव.' 'कागदावर काढ.' आणि एक 'आरसा'. मोर काढायचा, आरशावर टिचकी मारायची, की समोर तोंड केलेला दुसरा मोर हजर. मान तेवढीच, पिसारा तेवढाच. पहिल्यांदा तो बघितला तेव्हा मी गॅस बंद करायचा विसरले आणि दूध उतू गेलं.

शेवटी तिनं गंमत म्हणून अजून एक केलं. कागद छापून झाला की मशीनमधून तिचाच आवाज यायचा, "झालं बघ आई. कागद संपलाय का बघ." कागद संपलेला मला कधी कळत नाही, म्हणून.

मला लोकांशी बोलता येत नाही. लहानपणापासूनच तसं आहे. एस.टी.त शेजारच्या बाईला खिडकी उघडा म्हणायचं असेल तर माझं गाव येईपर्यंत मी शब्दच जुळवत बसते. त्या मशीनपुढं मला कोणाला काही विचारावं लागत नव्हतं. मुलगी लग्न होऊन चंदगडकडं गेली, तिकडं एका काजूच्या कारखान्यात ऑफिसात लागली, तेव्हा सगळे मला म्हणाले, आता तुझं काम कसं व्हायचं. काम झालं की. ती शेजारी बसून जे करायची ते सगळं मशीनमध्ये करून ठेवून गेली होती. तिच्या मागं मी एकटीनं चित्रं काढली, छापली, बायकांना दिली. म्हणून मशीन बंद पडलं तेव्हा मला जी भीती वाटली ती चित्रांसाठी नव्हती. चित्रं परत काढता येतात. आता परत प्रत्येक गोष्टीला कोणाच्या तरी तोंडाकडं बघावं लागणार, याची ती भीती होती.

त्यात लग्नसराई तोंडावर. मागच्या गल्लीतल्या आक्कांच्या भाचीचं लग्न ठरलेलं, तिच्या शालूवरच्या ब्लाउजचा खाका माझ्याकडं. आक्का रोज दारावरून जाताना हाक मारायच्या.

"मोर कुठवर आला गं?"

"येतोय," मी आतूनच म्हणायचे.

"येतोय म्हणून आठवडा झाला. चालत येतोय काय?"

शेवटी मालकांनी सुट्टी टाकली आणि मशीन गाडीवर मधे घेऊन आम्ही शाहूपुरीत गेलो. मालक म्हणजे माझा नवरा. त्यांचं सगळं आयुष्य फौंड्रीत गेलं, त्यामुळं त्यांना हळू बोलता येत नाही. दुकानात शिरता शिरताच ते म्हणाले, "आमच्या मंडळींचा कॉम्प्युटर हाय, बघा जरा," आणि रस्त्यावरच्या माणसानंसुद्धा वळून बघितलं. मी त्यांच्या मागं उभी राहिले. बाहेर गेलं की माझं बोलणं म्हणजे मालकांच्या शर्टाचं टोक. एकदा ओढलं तर 'नको', दोनदा ओढलं तर 'चला'. इतक्या वर्षांत आमचं यात कधी चुकलेलं नाही.

दुकानदार मधल्या वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस होता. त्यानं मशीन उघडलं आणि बॅटरीनं आत बघितलं.

"मदरबोर्ड ग्येला, मावशी. ह्ये बघा, कसं फुगलंय पापडागत. ह्या जातीचा बोर्ड आता मिळत बी न्हाय."

"दुसरा बशीव," मालक म्हणाले.

"पावणं, बैल म्हातारा झाला की नुसतं पाय बदलतायसा काय? नवीन मशीन घ्या. लहान येतंय, वीज कमी खातंय." मग त्यानं आतून एक चपटी डबी काढली, तळहातावर मावेल एवढी, आणि आपल्या मशीनला वायरीनं जोडून बघितली. "डिस्क मात्र धडधाकट हाय बघा. सगळं हिच्यातच असतंय."

ती मी पहिल्यांदाच बघत होते. एवढे दिवस मी ज्याच्यावर काम करत होते ते सगळं या डबीत मावत होतं. वजन तर काहीच नाही.

"मग हीच नव्यात घाल की," मालक म्हणाले.

"तसं चालत न्हाय. एका मशीनची डिस्क दुसऱ्याला घातली की निळा पडदा येतोय आणि बसतंय ठप्प. नवीन सगळं टाकाय लागतंय. तुमच्या फायली काढून देतो की, एक बी जाणार न्हाय."

फायली मिळतील, पण माझी बटणं? मला त्यांना सांगायचं होतं की घर बदलताना भांडी सगळी आली आणि मांडणी तिथंच राहिली, तर मिठाला हात कसा जायचा. हे सगळं मनात असं नीट तयार होतं. तोंडात मात्र काहीच आलं नाही. मी शर्ट एकदा ओढला.

"आमी इचार करून सांगतो," मालक लगेच म्हणाले.

नवीन मशीन दुसऱ्या दिवशी गोदामातून येणार होतं. दुकानदारानं ती डिस्क माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सांभाळा. उद्या घिऊन या."

मुलीच्या सासरी घरात रेंज नसते. कारखान्यातून सुटली की ती टेकावरच्या एस.टी. थांब्याशी उभी राहून फोन करते. त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती लगेच म्हणाली,

"निळा पडदा त्या विकतच्याला येतोय, आपल्या लिनक्सला न्हाय. तीच डिस्क घालायला सांग."

"पण ती जुन्या मशीनची."

"आई, तू लग्नघरात ग्येलीस की काय करतीस? चूल कुठं हाय, पाणी कुठं हाय बघतीस, पदर खोचतीस आणि कामाला लागतीस. कुणाला इचारतीस? ह्ये तसंच हाय. दरवेळी उठलं की आपल्या भोवती काय काय हाय ते बघतंय आणि त्याप्रमाणं चालतंय. नवीन घर असलं म्हणून अडणार न्हाय."

"आणि न्हाईच उठलं तर?"

"तर त्याला जुन्या पद्धतीनं चालू करा म्हणून सांग. नवीन मशीनला तशी सेटिंग असत्या. आपलं लिनक्स जुन्या पद्धतीनं बसवलंय मी."

"कोण सांगणार?"

"तू."

"तूच ये की गं एक दिवस."

"सुगी चाललीया आई. सासूबाईंचा गुडघा धरलाय. आणि मी येऊन काय करू? तुझ्या मशीनला माझ्यापेक्षा तूच जास्त ओळखतीस." एवढं बोलली आणि गाडी आली म्हणून तिनं फोन ठेवला.

सकाळी मी तेच वाक्य घोकत अंघोळ केली. जुन्या पद्धतीनं चालू करा. मग देवपूजा करताना ती डिस्क माझ्यासमोर होती. रात्री मी ती देवघरातच ठेवलेली, दुसरी सांभाळायची जागा मला सुचली नव्हती. खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतोच, झेंडूचं फूल वाहतो, वरच्या पत्र्याला कुंकू लावतो. पण ती वरवरची. आज तर मशीनचा जीवच नव्या घरी निघाला होता. आमच्यात घरातून जे जातं ते कोरडं जात नाही. लेक सासरी निघाली की तिला लावतो, गाय विकली तर तिच्या कपाळालासुद्धा कुंकू लावूनच दावं दुसऱ्याच्या हातात देतो. मग हिला कसं तसंच पाठवायचं?

कोरडं कुंकू त्या गुळगुळीत डबीवर टिकेना म्हणून मी हळदकुंकू पाण्यात कालवलं. आता हिचं कपाळ कुठलं? एका अंगाला इंग्रजी कागद चिकटवलेला. दुसरं अंग सपाट. एका कडेला मात्र खाच होती आणि खाचेत सोनेरी दातांची ओळ. दात आहेत म्हणजे तोंड हेच. तिथं मी दोन बोटं नीट टेकवली. मग घडीचा एक खण काढला, त्यात ती गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. मालकांना काही सांगितलं नाही. ते बाहेर गाडी पुसत होते.

दुकानात दुकानदारानं खण सोडला आणि माझ्याकडं बघितलं.

"मावशी, ओटी भरून आणलासा काय?"

तिथं फेटा बांधलेले एक पाहुणे प्रिंटर दुरुस्तीला घेऊन बसले होते, ते हसले. मी खाली बघितलं. मालक म्हणाले, "तीच डिस्क घालायची. आमच्या पोरीनं सांगितलंय." दुकानदारानं खांदे उडवले. "घालतो की. माझं काय जातंय? तुमच्या डोळ्यांनी बघा." आणि बोलता बोलता त्यानं डिस्क नव्या मशीनमध्ये सरकवून बसवलीसुद्धा.

नवीन मशीन लहान होतं, काळं, अगदी डब्याएवढं. चालू केलं. पडद्यावर इंग्रजी आलं.

"डिस्कच दिसंना," दुकानदार म्हणाला. काढली, परत बसवली. वायर बदलली. "न्हाय दिसत. ग्येली वाटतं ही बी."

"ग्येली म्हंजे?" मालकांचा आवाज चढला. "काल धडधाकट म्हणालासा की!"

"काल व्हती. आज न्हाय. गाडीवरनं पाडलासा काय?"

"पाडलं? आमच्या बायकोनं फुलागत धरून आणलीया! काल तुमीच काढताना काय तर केलासा!"

"ओ पावणं, तोंड सांभाळून."

"माझं तोंड जाग्यावरच हाय. डिस्क कुठं हाय ते सांग."

त्यांचं ते चाललं होतं आणि मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. भांडण मला ऐकू येत होतं, पण लांबून. माझ्या डोळ्यांपुढं ती बटणं एकेक करून विझत होती. आरसा गेला. जपून ठेव गेलं. मुलीचा आवाज गेला. आता सगळं पहिल्यापासून, आणि ते शिकवायला शेजारी कोणी नाही.

मालकांनी मुलीच्या कारखान्याच्या ऑफिसात फोन लावला आणि स्पीकर चालू केला, कारण त्यांना स्पीकरशिवाय बोलताच येत नाही. पोरगी फोनवर आली. त्यांनी सगळं सांगितलं, दुकानदाराला दोन शब्द जास्तीचे घालून. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"आई कुठं हाय? आई, खरं सांग. पूजा केलीस काय तिची?"

सगळं दुकान माझ्याकडं बघायला लागलं.

"अगं बोल की. कुंकू लावलंस?"

"लावलं," मी म्हटलं.

"कुठं?"

"तोंडाला."

"तोंड कुठलं गं तिचं?"

"सोनेरी दात हाईत, तिकडं."

 फोनवर ती अशी हसायला लागली की शब्द फुटेना. फेट्याचे पाहुणे मांडीवर थाप मारून हसले. दुकानदारानं डिस्क बाहेर ओढली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खाचेत बघितलं.

"आयला, ह्ये कुंकू हाय व्हय! मी म्हटलं गंज चढलाय. मावशी, दात लाल केलासा की हिचं! पान खाल्ल्यागत दिसतंय!"

"हसतोस काय, पूस की," मालक म्हणाले, पण त्यांचाही आवाज आता उतरला होता.

फोनमधून मुलगी सांगत होती, "काय झालं न्हाय आई. खोडरबरानं पुसतील. ती जिवंत हाय." आणि अजून हसत होती.

एवढ्या लोकांत मला हसलेलं कधी सोसलं नसतं. घरी गेल्यावर दोन दिवस जेवण गेलं नसतं. पण त्या वेळी मला ते लागलंच नाही. ती जिवंत आहे, एवढंच कानात राहिलं. दुकानदार खोडरबरानं एकेक दात घासत होता, ब्रशनं झाडत होता, मशीनमधली खाचसुद्धा त्यानं पुसली, आणि मी मनात म्हणत होते, हसा बाबांनो, पाहिजे तेवढं हसा.

एवढ्यात बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. आमची गाडी त्याच्या वाटेत होती. मालक फोन ठेवून "आलो, आलो, एवढं काय लगीन हाय काय तुझं!" असं ओरडत बाहेर गेले.

दुकानदारानं डिस्क बसवली आणि मशीन चालू केलं. या वेळी डिस्क दिसली, तो तसं म्हणालाही. पण पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीची एक ओळ येऊन तिथंच थांबली.

"बघा. मी म्हटलं न्हवतं? उठत न्हाय ह्ये." त्यानं ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला. "फायली आधी काढून घितो मावशी, काळजी करू नका. मग फॉरमॅट मारतो आणि नवीन टाकतो. तासाभरात घिऊन जावा."

माझा हात शर्टाचं टोक शोधत बाजूला गेला. तिथं कोणी नव्हतं. बाहेर मालक टेम्पोवाल्याशी बोलत होते, म्हणजे ते लवकर येणार नव्हते.

"थांबा," मी म्हटलं.

दुकानदाराला ऐकू गेलं नाही. तो पेन ड्राइव्ह लावायला खाली वाकला. फेट्याच्या पाहुण्यांना मात्र ऐकू गेलं.

"ओ शेठ, मावशी काय तर म्हणाल्यात."

आता दोघंही माझ्याकडं बघत होते. पळून जावंसं वाटलं. पण सकाळपासून घोकलेलं वाक्य तोंडातच होतं, ते बाहेर पडलं.

"जुन्या पद्धतीनं चालू करा. नवीन मशीनला तशी सेटिंग असत्या. माझ्या लेकीनं ते जुन्या पद्धतीनं बसवलंय. आणि फॉरमॅट मारू नका. मला फायली नकोत नुसत्या, सगळं तसंच पाहिजे, जिथल्या तिथं. मला त्याशिवाय काम येत न्हाय."

पुढचं घोकलेलं नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही.

दुकानदार सरळ झाला. "लेगसी म्हणतायसा व्हय?"

"त्याचं नाव मला माहीत न्हाय."

"तेच ते. व्हय की, जुनी डिस्क हाय म्हटल्यावर तसं असणारच." त्यानं पेन ड्राइव्ह बाजूला ठेवला. "बघू की करून. जमलं तर माझं बी काम वाचलं."

त्यानं मशीन बंद करून परत चालू केलं, निळ्या-करड्या पडद्यावर काहीतरी शोधलं, बदललं. परत काळोख. मग पांढरी अक्षरं भराभर खालून वर पळायला लागली. जुन्या मशीनवर ती कधी दिसायची नाहीत, त्यामुळं मला वाटलं आता सगळं वाहून चाललं. अक्षरं थांबली. पडदा क्षणभर नुसताच काळा राहिला.

आणि मोर आला. मी मशीनवर काढलेला पहिला मोर, मुलीनं पडद्यावर लावून ठेवलेला. त्याच्या कडेला एकाखाली एक माझी बटणं. मागं फिर. जपून ठेव. कागदावर काढ. आरसा. एकही इकडचं तिकडं झालेलं नव्हतं.

"आयला," दुकानदार म्हणाला. "काही न टाकता? जसंच्या तसं?"

"चूल सापडली तिला," मी म्हटलं. त्याला कळलं नसेल. मी ते त्याला म्हटलंच नव्हतं.

तेवढ्यात मालक आत आले. "काय, मारलं काय फॉरमॅट?"

आनंदानं काय करावं ते न कळून मी त्यांचा शर्ट ओढला. एकदाच ओढला गेला.

"अवो नको म्हणतीया ती!" मालक दुकानदारावर ओरडले. "नको म्हटल्यावर कशाला मारलासा?"

"अवो झालंय," मी म्हटलं. "बघा तरी."

मालकांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग शर्टाच्या टोकाकडं. "मग शर्ट कशाला वढलीस?"

निघताना दुकानदारानं खणाची नीट घडी करून माझ्या हातात दिली. म्हणाला, "मावशी, पुढच्या दसऱ्याला वरनंच लावा बरं का." मी त्याच्याकडं बघून हो म्हटलं. तोंडानं म्हटलं, नुसती मान हलवली नाही.

घरी येऊन पडदा, प्रिंटर सगळं जोडलं. मालक म्हणाले, बघ आधी चालतंय काय, मग मी तोंड धुतो. चाललं. ते मागं मोरीत गेले. मी आक्कांच्या भाचीचा मोर उघडला. तो अर्धवट राहिलेला, तुरा काढायचा होता. तुरा काढला, आरशावर टिचकी मारली, दुसरा मोर समोर येऊन उभा राहिला. मग 'कागदावर काढ'. प्रिंटर खडखडला आणि कागद बाहेर आला, पाहिजे तेवढ्याच मापाचा.

पण आवाज आला नाही.

मी वाट बघितली. कागद पूर्ण बाहेर आला होता, तरी ती काही बोलली नाही. मनाशी म्हटलं, असू दे. एवढं सगळं आलं, एवढं एक जुन्या घरी राहिलं असेल. असं म्हणून मी खाक्याला भोकं पाडायला घेतली. पण हात चालेना.

पडद्याच्या कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र असतं. त्याला मी कधी हात लावला नव्हता, ते मुलीचं खातं. आज लावला. एक चौकट उघडली. तिथले शब्द मुलीनं बदललेले नव्हते, ते मूळचेच जड मराठी होते, 'ध्वनी' आणि त्याच्यापुढं असंच काही. पण मराठी होते, आणि मराठी मला वाचता येतं. हळूहळू वाचलं. आवाज बाहेर यायच्या दोन वाटा लिहिलेल्या होत्या आणि खूण एकीवर होती. नवीन मशीनला वाटा नवीन, तिला माहीत नसणार कुठली आपली. मी खूण दुसरीवर केली. चुकलं तर 'मागं फिर' आहेच, असं म्हणत केली.

तोच मोर मी परत कागदावर काढला.

"झालं बघ आई!" सगळं घर दणाणलं. आवाज फार मोठा लागला होता. "कागद संपलाय का बघ!"

मोरीतून तांब्या पडल्याचा आवाज आला. "आली काय गं? कवा आली?" म्हणत मालक तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर धावले, दारात बघितलं, माझ्या मागं बघितलं.

"कोण न्हाय आलं," मी म्हटलं. "मशीन बोलतंय."

"मग एवढ्या मोठ्यानं कशाला बोलतंय?" मालक ओरडले आणि डोळे चोळत परत मोरीत गेले.

बाहेरून आक्कांची हाक आली, "मोर आला काय गं?"

"आला," मी दारात जाऊन म्हटलं, "दोन्ही आलेत."

आत येऊन बघितलं तर कागद खरंच संपला होता.